लेगसी मोड आणि आमचे भावोजी

ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहतात आणि आयटीत मोठ्या पदावर आहेत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी स्वतः कंप्युटरचं काम केलेलं नाही. ते काम करणाऱ्यांच्या मीटिंगा घेतात. पण आमच्याकडे कुणाचा मोबाइल अडकला, कुणाच्या टीव्हीचा आवाज गेला, तरी आधी भावोजींना विचारायची पद्धत आहे. त्यांनाही विचारलेलं आवडतं.

मी डोंबिवलीत घरूनच इंटिरियरची ड्रॉइंग्ज करते. जुना कंप्युटर एक भिंत सरकवायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात मी मेथीची जुडी निवडून यायचे. शेवटी सुटे भाग आणून नवा कंप्युटर आपणच जोडायचा असं मी ठरवलं. व्हिडिओ बघितले, मदरबोर्डची पुस्तिका वाचली आणि जोडलाही. नवऱ्याने टॉर्च धरला आणि प्रत्येक स्क्रूला 'जपून' म्हटलं. स्क्रीन उजळली तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त खूश झाला.

आता फक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची राहिली होती. ती मीच टाकणार होते. पण त्या रविवारी ताई आणि भावोजी जेवायला आलेले, आणि नवऱ्याला वाटलं की मुहूर्त मोठ्यांच्या हातून व्हावा. श्रीखंडाची दुसरी वाटी संपवून भावोजी माझ्या खुर्चीत बसले. खिशातून त्यांनी पेनड्राइव्ह काढला. त्यात म्हणे सगळं होतं.

कंप्युटरला पेनड्राइव्ह दिसेना.

कंप्युटर चालू केला की सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो. उठवायच्या दोन पद्धती असतात. नवी पद्धत म्हणजे यूईएफआय. जुनी म्हणजे लेगसी, जुन्या सामानाची सोय म्हणून ठेवलेली. यातली कुठली हे आधी निवडायचं, कारण एका पद्धतीने बसवलेली सिस्टिम दुसरीने उठत नाही. भावोजींचा पेनड्राइव्ह कुठल्या तरी जुन्या काळात तयार केलेला होता, त्यामुळे नव्या पद्धतीत तो दिसत नव्हता. पेनड्राइव्ह नव्याने तयार करणं हा साधा उपाय होता. भावोजींनी कंप्युटरच लेगसीवर नेला.

"भावोजी, पुस्तिकेत यूईएफआयच ठेवा असं लिहिलंय," मी म्हटलं.

"पुस्तिका सर्वसामान्यांसाठी असते," ते म्हणाले. "तू ड्रॉइंग्ज काढ. हे माझ्यावर सोड."

मग त्यांनी लेगसी म्हणजे वारसा, वारसा म्हणजे विश्वास, आणि नवीन गोष्टी कंपन्या केवळ आपल्याला अडकवायला काढतात, असं समजावून सांगितलं. नवरा मान डोलावत होता. ताई माझ्याकडे न बघता वाट्या गोळा करत होती. सिस्टिम बसली, कंप्युटर भराभर चालू लागला आणि भावोजी विजयी मुद्रेने घोडबंदरला परतले.

काही महिन्यांनी माझ्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिला नवी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती, आणि नव्या सिस्टिमला हवं होतं यूईएफआय. मी सरळ सेटिंगमध्ये गेले आणि मोड बदलला. काळ्या स्क्रीनवर इतकंच आलं की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. एका ग्राहकाचं पूर्ण घर त्या डिस्कवर होतं. मोड परत लेगसी केला, तेव्हा सगळं जागच्या जागी दिसलं.

नवऱ्याच्या आग्रहाखातर भावोजींना फोन केला. ते ट्रॅफिकमध्ये अडकले होते, म्हणजे त्यांना भरपूर वेळ होता. लेगसीचा विषय निघाला तशी त्यांना मागची गाडी हॉर्न मारतेय असं वाटू लागलं. मदरबोर्डच बिघडला असणार, असं निदान करून त्यांनी फोन ठेवला. सुटे भाग आणले की असंच होतं, हेही जाता जाता सांगितलं.

मग मी शांतपणे बसून वाचलं. डिस्कची जुनी मांडणी बदलून नवी करणारं साधन सिस्टिममध्येच असतं. आधी सगळ्या कामाची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली. ते साधन चालवलं, यूईएफआय निवडलं आणि कंप्युटर चालू केला. आला. काहीही बिघडलेलं नव्हतं. आनंदापेक्षा राग जास्त आला. इतके महिने माझ्या टेबलावर एका माणसाचा हट्ट चालू होता, आणि वीजबिल मी भरत होते.

दिवाळीच्या फराळाला ताईकडे गेलो तर भावोजी पाहुण्यांना नव्या कंप्युटरला यूईएफआयच कसं हवं हे सांगत होते. उदाहरण माझंच होतं. हिचा कंप्युटर मीच मार्गी लावला, असं म्हणाले.

"तुम्ही लेगसी लावलं होतंत," मी म्हटलं.

"मुद्दाम," ते शांतपणे म्हणाले. "तू स्वतः शिकावंस म्हणून."

पाहुण्यांना हे फार आवडलं. नवऱ्याने सवयीने मान डोलावली. मी चिवडा घेतला, कारण तोंड कशात तरी गुंतवणं गरजेचं होतं.

स्वयंपाकघरात ताईने दार लोटून घेतलं. "यांचा लॅपटॉप कधीचा बंद पडलाय," ती म्हणाली. "बघशील का गं? पण हे ऑफिसला गेल्यावर ये."

मी पुढच्या आठवड्यात गेले. दुरुस्ती सोपी होती. संध्याकाळी ताईने त्यांना सांगितलं की तो आपोआपच चालू झाला. तेव्हापासून भावोजी सगळ्यांना सल्ला देतात की लॅपटॉप बिघडला तर त्याला हात लावायचा नाही, काही दिवस नुसता पडू द्यायचा.