शेवटच्या ओळीपासून

लेकरू धडा वाचू लागलं, की मेश्राम बाई त्याचं बोट उचलून शेवटच्या ओळीवर ठेवत. "आता इथून वाच. तोंड वाचते का डोरे वाचते, मले पाहू दे." निम्मा वर्ग तिथेच गप्प होई. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत मी नवा होतो. बाईंच्या या खोडीची मलाच भीती वाटे.

कारण नियम आला होता. दुसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला नेमून दिलेला उतारा ठरलेल्या वेळात वाचता आलाच पाहिजे. नाही तर शिक्षकाने लेखी खुलासा द्यायचा. वर्ग बाईंचा, नोंदी मात्र मी भरायचो. ढिवरांची मुलगी पौर्णिमा वाचनात मागे पडली होती. आईबाप मासे धरायला तलावावर गेले, की धाकट्या बहिणीला सांभाळत ती घरी राही. मी मुळात घाबरट. तिच्याकडून उतारा पाठ करून घेतला आणि 'वाचते' अशी नोंद केली. बाईंना कळू दिलं नाही.

तपासणीला साहेब आले. पौर्णिमाने उतारा घडाघडा म्हटला. साहेब खूश. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच बाईंनी तिचं बोट शेवटच्या ओळीवर नेलं. पोरगी रडवेली झाली.

"साहेब, हिले वाचता येत नाही. नोंद चुकली. खुलासा मी देतो," बाई म्हणाल्या.

मी मान खाली घालून उभा राहिलो. बाईंनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

"काहून सांगितलं, बाई? निवृत्तीले दोन महिने राहिले तुमच्या!" साहेब गेल्यावर मी म्हटलं.

"सर, तुमच्या कागदावर ते वाचून राहिली. मंग तिले शिकवन कोन?"

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत बाई तिला घेऊन बसू लागल्या. नोटीस आली, खुलासा गेला, पुढे काहीच कळेना. बाईंचे निवृत्तीचे कागद माझ्यापायी अडतील, या धास्तीने मला जेवण जाईना. बाई मात्र शांतपणे शेवटच्या ओळीवर बोट ठेवत राहिल्या.

अखेर कागद सुटले. निरोपाच्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'मेश्राम बाईंचा आज शाळेतला शेवटचा दिवस.' बाईंनी पौर्णिमाला उभं केलं. ती एकेक अक्षर चाचपत निघाली. नियमातल्या वेळेत ते कधीच बसलं नसतं. 'शाळेतला'पाशी अडली, मी सांगायला गेलो, तर बाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. ओळ संपली आणि पौर्णिमा फळ्याकडे बघतच राहिली. मग तिने बाईंचा पदर धरला.

"बाई, उद्या तुमी येनार नाही?"