टोचल्यासारखं

आमच्या दवाखान्यात लस टोचणारी सिस्टर हाताने फार हलकी. सुई कधी गेली नि कधी आली, कळायचंच नाही. मनानेही तशीच, कुणी गयावया केली की विरघळली. आम्ही बाकीच्या परिचारिका तिला ‘लोणी’ म्हणायचो आणि तिला ते आवडायचंही. मला मात्र अशा प्रेमळ माणसांची धास्तीच वाटते.

तिची धाकटी बहीण खाली केसपेपरच्या खिडकीवर बसायची. दिवसभर माणसं तिच्या तोंडावर खोकायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते, सहावा महिना चालू होता. फ्लूची लस सगळ्या कर्मचाऱ्यांना सक्तीची, आणि गरोदर बाईला तर सगळ्यात आधी हवी. पण ती बाळाला बाधते, असं कुणीतरी धाकटीच्या डोक्यात भरवलेलं.

"ताई, टोचल्यासारखं कर ना. तुला माझी शपथ."

लोणीने लस कापसात सोडली, दंडावर पट्टी चिकटवली आणि टोचली म्हणून सांगून टाकलं. मला हे फार उशिरा कळलं, नाहीतर मीच धाकटीला धरून टोचली असती.

थंडीत धाकटी तापाने फणफणली, आमच्याच दवाखान्यात दाखल झाली. मोठे डॉक्टर लोणीला म्हणाले, "फ्लूचं औषध सुरू करावं का? पण लस तर तुम्हीच दिलीत ना?"

"हो," लोणी म्हणाली.

लस घेतली तरी फ्लू होऊ शकतो, हे डॉक्टरांना काय मी शिकवायचं? पण "मग साधा ताप असेल, बघू उद्या," म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले.

लोणी बहिणीच्या कपाळावर गार पट्ट्या ठेवत बसली. तोंड उघडावं तर दोघींची नोकरी जाणार. उतरेल ताप, उतरेल, असं ती स्वतःलाच सांगत होती. ताप काही उतरला नाही. पुढे धाकटीला धाप लागली, ओठ निळे पडले, तेव्हा लोणी डॉक्टरांच्या मागे धावली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "नाही हो टोचली मी तिला! कापसात सोडली!"

मग ऑक्सिजन, औषध, एकच धावपळ. पण हे औषध सुरुवातीलाच द्यावं लागतं. धाकटी कशीबशी वाचली. बाळ पोटातच गेलं.

लोणीची नोकरी गेली. मला तिची कीव आली, आणि रागही तेवढाच आला, अजून येतो. बहिणीला घरी न्यायच्या दिवशी ती रडत म्हणाली, "तूच शपथ घातली होतीस गं."

धाकटी पिशवीत कपडे भरत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मी घाबरले होते, ताई. तुला तर कळत होतं."