खालच्या टिपेतला अर्थ

महाडच्या शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले आणि घरातल्यांच्या चुका काढू लागले. घरचे वैतागले असतानाच आमच्या भागातल्या एका पाळकांनी मला काम आणून दिलं. ख्रिस्ती शास्त्राचा जुना, हिब्रू भाग नव्याने मराठीत येत होता. हिब्रू जाणणारे ते आणि त्यांचे सहकारी. मी फक्त मराठी घासूनपुसून द्यायची. सत्यनारायणाचा प्रसाद खाणाऱ्या बाईला यातलं काय कळणार, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडे आलो."

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक पान एखाद्या श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला वाचून दाखवायचं आणि त्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. माझी श्रोती होती बिरवाडीतली एक नर्स. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा नवरा पोलादपूरच्या वरच्या अंगाला ओढ्यावरचा ठेंगणा फरशीपूल ओलांडताना वाहून गेला होता. देह सापडलाच नाही. तिने त्याची अंत्यप्रार्थनाही होऊ दिली नव्हती. पुरायलाच काही नाही तर प्रार्थना कशावर करायची, म्हणायची.

हे सगळं मला माहीत होतं, तरी मी घोळ घातला.

त्या दिवशीच्या पानात सर्वस्व गमावलेला, अंगभर फोड आलेला एक माणूस म्हणतो की शेवटी मी देवाला पाहीन. ख्रिस्ती लोक दफनाच्या वेळी हीच ओळ वाचतात. मसुद्यातली ती ओळ फार अडखळत होती, आणि अडखळणारं वाक्य दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी तिथे 'याच देहाने पाहीन' असं करून टाकलं आणि स्वतःवर खूश होऊन तिला वाचून दाखवलं.

ती सांगायला लागली आणि मधेच थांबली.

"याच देहानं? मग ज्याचा देहच नाय, त्यानं काय करायचं, बाई?"

मी तिच्यासमोरच पाळकांना स्पीकरवर फोन लावला. ते म्हणाले, मूळ हिब्रूत त्या जागचे शब्दच विस्कटलेत. कुणी 'देहासह' म्हणतात, कुणी 'देहावाचून'. वर परंपरेने आलेला अर्थ ठेवू, दुसरा खाली टिपेत. आमचा पुनरुत्थानावरचा, म्हणजे मेलेले देहासह पुन्हा उठतील यावरचा विश्वास या एका ओळीवर उभा नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला रागच आला. मग इतकी वर्षं लोक कबरींसमोर उभे राहून कशाच्या भरवशावर रडले, असं मी विचारलं.  "मलाही कधी कधी हा प्रश्न पडतो," ते म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा माझी खात्रीच झाली की या बाईचा उरलासुरला विश्वास मी घालवला. तिने मात्र माझ्यापुढचा कागद स्वतःकडे ओढला.

"ती खालची टीप काय हाय, ती लिहून द्या मला."

त्याच रविवारी तिने भाड्याच्या खोलीत अंत्यप्रार्थना ठेवली. पाळकांना, सासरच्यांना आणि मलाही बोलावलं. शवपेटीच्या जागी एक स्टूल, त्यावर नवऱ्याचा फोटो आणि त्याचं कारखान्यातलं हेल्मेट. तिने ती ओळ वाचली. मग न थांबता टीपही वाचली: मूळ शब्द अस्पष्ट, 'देहावाचून' असाही अर्थ घेतात.

उपासनेत टीप कुणी वाचत नाही. वाचन संपलं की सगळे आमेन म्हणतात, पण टिपेला म्हणायचं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या सासऱ्याने पाळकांकडे पाहिलं, पाळकांनी माझ्याकडे. ती हातात कागद धरून तशीच उभी. मला त्या ओळीचा अर्थ तेव्हाही लागला नव्हता, आजही लागत नाही. त्यांच्या देवाशी माझी ओळखही नाही. पण तिला तसं उभं राहिलेलं मला बघवेना.

मी आमेन म्हटलं.