शिवा आणि आमची कणगी

शिवानं मला फसवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळे त्याच्याबद्दल चांगलंचुंगलं लिहितायत. लिहू देत. मीही लिहिणार आहे, पण वरचं वाक्य खोडणार नाही.

आम्ही अंबाजोगाईला कॉलेजात एका बाकावर होतो. पुढं मी तिथंच कॉम्प्युटर लॅबला चिकटलो आणि तो केजला वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, भांड्यांच्या दुकानात बसला.

रविवारी मी एसटीनं केजला जायचो. दुकानाच्या मागच्या खोलीत, पातेल्यांच्या आड, भंगारातून आणलेले पीसी पोट उघडं टाकून पडलेले असायचे.

तिथं आम्ही कणगी बनवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका डब्यात हार्ड डिस्क घालायच्या, डबा नेटवर्कला जोडायचा आणि घरातल्या, ऑफिसातल्या सगळ्यांनी आपले फोटो, फायली त्यात ठेवायच्या. तो डबा चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आमची कणगी. ओपन सोर्स. कुणीही फुकट घ्या, उघडून बघा, बदला; विकायचं असेल तर मात्र आम्हा दोघांना विचारा.

अशा सिस्टिम जगात ढिगानं आहेत. पण त्या बनवणाऱ्यांच्या गावात लाईट जात नसावी.

आमची टेस्टिंगची पद्धत एकच. मोठी फाइल कॉपी व्हायला लागली की शिवा विचारायचा, "उपटू का?" आणि उत्तराची वाट न बघता भिंतीतली पिन उपटायचा. परत लावायची आणि फाइल शाबूत आहे का बघायचं. नसली की दोघंही डोकं धरून बसायचो.

बाहेरून आप्पा ओरडायचे, "आरं, त्या मशिनीला कावून छळायलाव?"

ज्या रविवारी फाइल पहिल्यांदा वाचली, त्या दिवशी आम्ही येड्यासारखे नाचलो. नाचताना एका कळशीला पोचा पडला. आप्पांनी ती घरी वापरायला नेली.

डिस्कचं काम त्याचं. लाईट गेल्यावर सगळं सावरून घेण्याचं काम माझं. लाईट आल्यावर स्क्रीनवर येणारी ओळही माझीच:

"लाईट गेलती. घाबरू नका, फायली जागेवर हायेत."

"असं गावठी कोण लिवतंय बे?" शिवा म्हणाला.

"वाचणारे आपलेच हायेत की."

हसला. ओळ राहिली.

गेवराईचा एक फोटोग्राफर लग्नाचे फोटो आमच्या कणगीत ठेवायचा. एक दिवस त्याचा फोन. "सर, तुमी कंपनी काढली आन् सांगितलं बी न्हाई?"

त्यानं पुण्याच्या एका कंपनीचा नवाकोरा डबा घेतला होता. स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला. नाव वेगळं, रंग वेगळा, लोगो वेगळा. आणि मधोमध माझी ओळ, जशीच्या तशी. तेवढी बदलायची त्यांची राहून गेली होती.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अगदी गोड बोलली. हा कोड ज्यानं एकट्यानं बनवला, त्याच्याकडूनच आम्ही रीतसर घेतलाय, तशी त्याची सही आहे, म्हणाली. नाव सांगितलं.

शिवाचं.

मी तडक केज गाठलं. तो गल्ल्यावर बसून झारे पुसत होता.

"कावून केलं बे?"

"तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हणला असतास."

"म्हणलोच असतो!"

"म्हून इचारलं न्हाई."

मग खाली मान घालून म्हणाला, "तुला नोकरी हाय. मला ह्या दुकानातून भायेर पडायचं होतं. ते लोक मला घ्यायलेत पुण्याला."

हे तो मला आधी सांगू शकला असता. मी भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आणि शेवटी कदाचित हो म्हणालोही असतो. त्यानं ती संधीच दिली नाही. माझं उत्तर त्यानंच देऊन टाकलं. कोड गेल्यापेक्षा मला हे जास्त लागलं, आजही लागतं.

तो पुण्याला गेला. आम्ही बोलणं टाकलं.

मग गेल्या वर्षी हार्ट अटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती पठ्ठ्यानं. लिंगायतांच्या रीतीनं त्याला समाधीत बसवलं तेव्हा मीही माती दिली. रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

परवा आप्पांचा फोन आला.

"पुण्यस्मरणाचा फ्लेक्स करायलोय. मजकूर तूच लिवून दे बाबा. तू यायचास की त्याला मदतीला."

मदतीला.

"एकट्यानं केलं ना रे त्यानं ते समदं? मला तर तसंच म्हणायचा."

म्हणजे बापालाही तेच सांगून गेला होता.

फोनवर आप्पांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, "हो आप्पा. एकट्यानंच."

आणि लिहून दिलं. 'कणगीचे एकमेव निर्माते.' फ्लेक्स आज चौकात लागलाय. लोक त्याचे फोटो मलाच फॉरवर्ड करतायत, वर लिहितायत, काय माणूस होता! आप्पा फेसबुकवर नाहीत म्हणून इथं खरं लिहितोय. वाचलंत तर त्यांना दाखवू नका.

फुकटातली जुनी कणगी मी अजून चालवतो. तिच्या वेबसाइटच्या पानावर, बनवणाऱ्यांत, दोन नावं आहेत. वर त्याचं, खाली माझं.

त्याचं नाव खोडायला मी कितीदा तरी बसलोय. कालही बसलो होतो. खोडता येत नाही. मन मोठं आहे म्हणून नव्हे. डिस्कचं काम खरोखर त्यानं केलंय, आणि झक्कास केलंय.

शिवा, मी तुला माफ केलेलं नाही. भांडण अर्धवट टाकून गेलास, तेही माफ नाही.

नाव मात्र आहे तिथंच राहील.

फुलं वाहायला हात अजून उचलत नाही, मित्रा. नमस्कार तेवढा घे.