मी जिवंत असल्याचं सांगायचं राहिलं

माझ्या थोरल्या वहिनीमुळे आमचा व्हिसा गेला, असं आमच्या घरात आजवर मानलं जातं. माझी बायको तसंच मानत गेली. परदेशातली माझी मुलगी अजून तसंच मानते. ते खरं नाही. व्हिसा माझ्यामुळे गेला.

आम्ही दोघं लातूरहून आखातात मुलाकडे गेलो होतो. तिथून पुढे मुलीकडे जायचं होतं, तिच्या पहिल्या बाळंतपणाला. तिचा देश आणखी लांबचा. तिकडचा पर्यटक व्हिसा मुलाच्या शहरातूनच मागितला. ही म्हातारी माणसं परत मायदेशी जातील याची खात्री पटावी म्हणून एजंटाने गावचं घर, शेती आणि तिथल्या माणसाचा फोन नंबर द्यायला सांगितलं. मी वहिनीचा दिला. थोरला भाऊ वारल्यापासून बिलोलीजवळचं आमचं घर, शेत त्याच बघतात. बायकोने डिंकाचे लाडू बांधून आणले होते. रोज डबा उघडून वास घ्यायची आणि पुन्हा बंद करायची.

एका सकाळी बाल्कनीत उभा होतो आणि कावळा येऊन माझ्या डोक्यावर बसला. तिकडचे कावळे आपल्यासारखेच. मी हात झटकला तरी तो लगेच उडाला नाही. नख्या टाळूत रुतल्या. जड होता.

बायकोने ते पाहिलं. आमच्याकडे कावळा असा डोक्यावर बसला की मरण जवळ आलं असं धरतात. त्यावर उपाय म्हणजे त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातेवाइकांना कळवायची. ते खरोखर रडले की मरण चुकतं. मग लगेच खरं सांगून टाकायचं.

"वहिनींना कळवा," ती म्हणाली.

"येडी का तू? विमानात बसून आलो आपण."

"मग? तुम्हाला गाठायला मरणाला व्हिसा लागतो का? कळवा. अन् त्या रडल्या की तिथल्या तिथं खरं सांगा."

मुलाच्या कंपनीच्या गाडीवर देगलूरकडचा एक ड्रायव्हर होता. त्याला ही रीत ठाऊक होती. खाली गाडीत बसून त्याने माझ्याच फोनवरून वहिनींना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मी झोपेत गेल्याचं सांगितलं.

वहिनींनी हंबरडा फोडला. आमच्याकडच्या बाया आठवणी काढून रडतात. "माझ्या हातची भाकर खाऊन मोठा झाला वो... मला न सांगता गेला वो..." मागे आणखी बायांचे आवाज मिसळले. कोणीतरी माझ्या आईचं नाव घेतलं.

"बोला साहेब, आता बोला," ड्रायव्हरने फोन पुढे केला.

मी बोललो नाही. मला आणखी ऐकायचं होतं. आयुष्यभर कोणी माझ्याबद्दल असं बोललं नव्हतं. मी नको म्हणून मान हलवली. त्याने फोन कापला आणि माझ्याकडे न बघता काच खाली केली.

वर गेल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलं का खरं?"

"हाव, सांगितलं."

माझा फोन बंद करून ठेवला. मुलाचा तिकडचा नंबर गावात कोणाकडेच नव्हता. तो दिवस विचित्र गेला. चहा प्यालो, तो दुसऱ्या कोणाचा तरी कप उचलल्यासारखा. आरशापुढे दाढी करताना वाटलं, तिकडे आता हा चेहरा आठवून रडत असतील. वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी वहिनींना फोन केला. त्या आधी किंचाळल्या, मग हसल्या, मग मला शिव्या दिल्या. पण त्याच सकाळी व्हिसाच्या कचेरीतून कोणी हिंदी बोलणारी बाई चौकशीला त्यांच्याशी बोलली होती. वहिनींनी जे खरं वाटत होतं तेच सांगितलं होतं, "वो तो गुजर गये, अम्मा."

मला कचेरीत बोलावलं. खिडकीतला कारकून पडद्याकडे बघे, माझ्याकडे बघे, पुन्हा पडद्याकडे. पेन्शनसाठी दरवर्षी बँकेत देतो तो हयातीचा दाखला मी सरकवला. "ये पुराना है," तो हळूच म्हणाला. तो पुढचं माझ्याशी बोललाच नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाशी बोलला. मी तिथे नसल्यासारखं. अर्ज आमचा दोघांचा एकत्र होता, दोघांचाही नामंजूर झाला.

बायकोचा हिशेब सरळ होता. खरं कळलेलं असून वहिनी असं बोलल्या, म्हणजे जळून मुद्दाम बोलल्या. तिने फोनवर त्यांना नको नको ते ऐकवलं. मी शेजारी बसून होतो. मुलगी तिकडे एकटीच बाळंत झाली. वर्षाच्या आत, लातूरला, बायको गेली. मुलीचं घर तिने पाहिलं नाही.

परवा मी गावी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या.

"ते मला कवाच कळलं होतं भाऊजी. तुम्ही दुपारी फोन केला, बाईचा सकाळी आलता. हिशेब येतो मला."

"मग तिला सांगितलं का नाही? एवढी बोलली ती तुम्हाला."

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मेलेल्या माणसासाठी आमच्याकडे दिव्याजवळ पीठ पसरून टोपलीखाली झाकतात, सकाळी त्यावर गेलेल्या माणसाची काय खूण उमटली ते बघतात. माझ्यासाठीही त्यांनी तसं केलं होतं.

"पहाटं टोपली उचलली. पाऊल होतं. पण गड्याचं नव्हतं ते. लहानकं, बाईचं. बोटाशी जोडव्याची खूण."

त्यांनी पदराने हात पुसले.

"तुमचा फोन आला तवा हसले खरी. पर ते पाऊल डोळ्यापुढून हलंना. पीठ गाईला घातलं, कोणाला बोलले न्हाई. मग ती भांडली. जाणाऱ्या बाईसंगं काय भांडू, भाऊजी?"

त्यांनी पुन्हा शेंगा ओढून घेतल्या. मीही चार फोडल्या.

हे मी मुलीला पाठवतो आहे. काकूला तिने फोन करावा, एवढंच मागणं आहे. पावलाचं लिहू नये असं वाटत होतं. पण मागच्या वेळी जे सांगायचं ते टाळूनच हे सगळं झालं.