आत्याची विहीर आणि माझं इंग्रजी

परदेशातून इंजिनिअरिंगचे सात विद्यार्थी आमच्या आत्याच्या गावात संडास बांधायला आले, तेव्हा मी त्यांची दुभाषी होते. वय एकवीस. नुकतीच बी.एस्सी. झालेली, आणि आपल्याला इंग्रजी येतं यावर फार खूश. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात ते माझ्याकडे बघून म्हणावं, अशी अवस्था होती.

गाव सिहोऱ्याच्या पुढचं. बाबा तिथलेच, आत्यालाही गावातच दिलं होतं; पण बाबांना कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरी पुस्तकातली मराठी. बाबा आम्हाला ‘मले-तुले’ बोलू देत नसत. स्वतः रागावले की मात्र तेच बोलायचे. या विद्यार्थ्यांना बोलावणाऱ्या तुमसरच्या संस्थेला गावाकडची आणि इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. अशी मुलगी त्या काळी शोधून सापडत नसे, म्हणून माझी परीक्षा कोणी घेतलीच नाही.

विद्यार्थी चांगले होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक त्यांनाच नावं ठेवतात. ते शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपायचे, भात आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी न कुरकुरता खायचे. त्यांच्याकडचा नकाशा जुना होता. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, त्यात तो अजून आमच्याच जिल्ह्यात होता. आमच्या टोलीचा, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीचा, नमस्कार वेगळा, गावाचा वेगळा. मी पहिल्या दिवशी त्यांना आमचा शिकवला आणि त्यांनी तो पाटलांपासून दुकानदारापर्यंत सगळ्या गावाला केला. पाटलांनी तो घेतलाही. परदेशी माणसाचं सगळं चालतं.

त्यांच्या कॉलेजला सुट्टी नाताळात, म्हणून ते यायचे नाताळात. धान कापून झालेलं, जमीन कोरडी ठणठणीत. ते हातभर खड्डा खणत, त्यात बादलीभर पाणी ओतत आणि ते किती वेळात मुरतं हे घड्याळ लावून पाहत. बादलीभर पाणी जमिनीत कुठे जातं हे बघायला माणसं विमानाने येतात, याचं म्हाताऱ्यांना कौतुक वाटायचं. पाणी भराभरा मुरे आणि विद्यार्थी खूश होत. खाली पाणी शोषून घेणारा खड्डा आणि वर संडास, असा त्यांचा आराखडा होता.

पहिला संडास आत्याकडे बांधायचं ठरलं, कारण मी तिची भाची. आत्यालाही तो हवा होता. गुडघे धरले होते आणि पहाटे अंधारात शेतापर्यंत जाणं तिला जड जायचं. फक्त तो कुठे बांधायचा यावर तिचं म्हणणं होतं.

तिच्या परसाच्या कडेला विहीर होती. ती आत्याच्या नवऱ्याने आणि त्याच्या दोन भावांनी स्वतः खणलेली. त्याआधी टोलीतल्या बायका गावच्या विहिरीपाशी घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि कोणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहायच्या. आत्याही नवी नवरी असताना त्यांच्यात उभी होती. विहिरीला पाणी लागलं त्या दिवसापासून सगळी टोली तिच्याकडून पाणी नेऊ लागली. आत्याचा नवरा गेला, भाऊ गेले, विहीर राहिली. ती या विहिरीचं कधी कौतुक करत नसे. सकाळी उठून काठ झाडून घ्यायची, इतकंच.

विद्यार्थ्यांनी परसात, विहिरीपासून टेप लावून जागा ठरवली. अंतर त्यांच्या कागदात बसत होतं. मागे लागूनच बांधी, म्हणजे पावसाळ्यात पाणी भरून धान रोवायचं वाफ्यासारखं शेत. आराखडा काढणारी मुलगी वही-पेन्सिल घेऊन उभी राहिली आणि तिने मला विचारायला सांगितलं, की बाईंना या जागेबद्दल काही सांगायचं आहे का.

आत्याने पदर खोचला. विहिरीपाशी जाऊन हात आत घातला आणि म्हणाली, “सांग त्यायले. मांगच्या बांधीत रोवन्याचं पानी भरलं का इहिरीतलं पानी बी वर येते, वाकून लोटा भरता येते. तवा हा खड्डा कोरडा रायन का? याच्यातलं इहिरीत जाईन. समोर उंचावर बांधा म्हना.”

तेवढ्यावर ती थांबली नाही. कोणत्या वर्षी पाणी कुठवर आलं, कोणाची म्हैस परसात फसली, तिला काढायला कोण कोण आलं, सगळं सांगत गेली. ती मुलगी पेन्सिल धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी इंग्रजीत म्हणाले, पावसाळ्यात इथे भरपूर पाणी असतं, असं ती म्हणते.

मुलगी हसली. फार छान, म्हणाली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

मी तसं का केलं, याची कारणं मी पुढे बरीच गोळा केली. जेवणाची वेळ झाली होती. म्हशीला इंग्रजीत कसं काढायचं हे मला सुचत नव्हतं. यंत्रं घेऊन आलेल्या माणसांना पाणी कळत नसेल का, असंही वाटलं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. मला लाज वाटली. आत्याची नाही, तिच्या बोलण्याची, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. आत्याचीच वाटली.

संध्याकाळी भाकरी थापताना तिने विचारलं, “सांगतलं ना त्यायले?” मी हो म्हणाले. ती म्हणाली, मग झालं, त्यांना कळतं. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या प्राध्यापक बाई आल्या होत्या. मला पुढे त्यांच्या देशात शिकायला जायचं होतं, आणि त्या मला शिफारसपत्र देणार होत्या. हे मी त्याच रात्री आत्याला सांगितलं. तिने टोलीभर सांगितलं.

संडास सुंदर झाला. निळं दार, वर पत्रा. आत्या तो पाहुण्यांना उघडून दाखवायची.

भाद्रपदात मी गेले तेव्हा मागची बांधी तुडुंब होती आणि विहिरीचं पाणी हाताला लागत होतं. संडासाच्या खड्ड्यावरच्या झाकणाच्या फटीतून पाणी वर येत होतं. मी ते पाहिलं आणि घरात येऊन चहा प्याले. पुढच्या आठवड्यात टोलीतली चार घरं हगवणीने पडली. कोणी दगावलं नाही. आरोग्य सेविकेने विहिरीचं पाणी औषधाच्या बाटलीत भरून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी काळं झालं. काळं झालं म्हणजे पाण्यात घाण आहे. तिने विहिरीच्या काठावर लाल रंगाची फुली मारली.

मग टोलीच्या बायका गावच्या चौकातल्या हातपंपावर जाऊ लागल्या. आता तिथे कोणी अडवत नव्हतं, कोणी काही बोलतही नव्हतं. तरी आत्या तिथे गेली नाही. ती दुखऱ्या गुडघ्यांनी शेतापलीकडच्या हापशीवर जायची आणि एकेक कळशी आणायची. काठ मात्र रोज झाडायची, लाल फुलीसकट. बाबा म्हणाले, हात दाखवून अवलक्षण झालं, कशाला त्या लोकांना बोलावलं.

नाताळात विद्यार्थी परत आले. फुली पाहून त्यांचे चेहरे उतरले. आराखडा काढणाऱ्या मुलीचे डोळे लाल झाले होते; तिला रात्रभर झोप आली नव्हती, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. प्राध्यापक बाईंनी आत्याच्या छपरीत, म्हणजे पडवीत, सगळ्यांना बसवलं आणि वही उघडली. चूक कुठे झाली हे त्यांना शोधायचं होतं, कोणाला धारेवर धरायचं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, बाईंना विचार, खड्डा खणण्याआधी इथलं पाणी एवढं वर येतं हे आम्हाला कोणी सांगितलं होतं का.

मी आत्याला विचारलं. मराठीत, पुस्तकातल्या.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण हा प्रश्न मुळात विचारला जातोय म्हणजे काय झालं असेल, हे कळायला इंग्रजी लागत नाही. मला वाटलं, आता ती बोलेल. बोलली असती तर मी ते शब्दाला शब्द सांगितलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही.

ती म्हणाली, “नाई. कोनी नाई सांगतलं. आमाले अडान्याले का मालूम रायते?” आणि मग हळूच, फक्त माझ्यासाठी, “तुई चिठ्ठी देतीन ना हे आता?”

पहिली तीन वाक्यं मी इंग्रजीत सांगितली. एकही शब्द गाळला नाही. चौथं माझ्याकडे राहिलं. मुलीने वहीत लिहून घेतलं की गावकऱ्यांना भूजलाची माहिती नव्हती.

पुढे त्यांनी खड्डा बुजवला, समोर उंचावर दुसरा संडास बांधला, विहीर उपसून औषध टाकलं, आणि दोन पावसाळ्यांनंतर फुली पुसली गेली. मला पत्र मिळालं आणि मी गेले. सगळं मार्गी लागलं असं म्हणायला हरकत नाही.

पण त्याआधी, छपरीतल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, विद्यार्थ्यांनी टोलीतल्या बायकांसाठी वर्ग घेतला. विहाराच्या ओट्यावर प्लास्टिकच्या टबात वाळू भरली, तिच्यात दोन खळगे केले. एक विहीर, एक खड्डा. टबात पाणी ओतलं की दोन्हीत पाणी चढायचं आणि खड्ड्यात टाकलेला लाल रंग विहिरीत उतरायचा. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. मुलगी एकेक वाक्य बोलायची आणि मी ते मराठीत सांगायचे: पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, शेतात पाणी भरलं की विहिरीतलंही वाढतं, म्हणून खड्डा नेहमी उंचावर घ्यावा. समजलं का, असं शेवटी विचारायचं होतं, तेही मी विचारलं.

आत्याने मान हलवली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, “पाय, माई भाची किती चांगलं समजावून सांगते.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.