आत्ताच उडाला

झाडाच्या रिकाम्या फांद्यांचे इतके फोटो माझ्या साडूंशिवाय जगात दुसऱ्या कुणी काढले असतील, असं मला वाटत नाही. त्यांना अर्थात पक्ष्यांचे काढायचे असत. हाती लागत असे ती फांदी. "इथे दयाळ होता, आत्ताच उडाला," असं म्हणत ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवत आणि आम्ही त्या मोकळ्या जागेकडे पाहून माना डोलवत असू. कोपऱ्यात शेपटीसारखं काही आलेलं असलं तर त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही मिळत.

साडूंची हयात जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझरकीत गेली. तिथे त्यांनी हाक मारली की गेटबाहेरचा ट्रेलरवाला ब्रेक दाबायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी हातभर लेन्सचा डिजिटल कॅमेरा घेतला, खांदा कॉलनीतल्या आपल्या तळमजल्याच्या घरामागे लपून बसायला जुन्या चादरींचा तंबू ठोकला आणि तेव्हापासून घरचा सगळा कारभार कुजबुजीत सुरू झाला. सकाळी कुकर लावायचा नाही, शिट्टीने बुलबुल बिचकतात. दोरीवर लाल-पिवळं काही वाळत घालायचं नाही. माझ्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, हे ज्या चेहऱ्याने सोसलं तो चेहरा फोटो काढण्यासारखा होता, पण कॅमेरा तिकडे कधी वळला नाही. मागच्या फाटकाशी येणाऱ्या कोळणीला तर साडू तंबूतून नुसता हात हलवून गप्प करत. ती एकदा काळजीने म्हणाली, "ताई, काकांची वाचा गेली का? बोलत नाय ते."

आयुष्यात आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. कॉलनीतल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाच्या प्रदर्शनात आपला एक फोटो लागावा. मंडळ त्यांच्या फांद्या दर वर्षी अत्यंत आदराने परत करत असे.

मग एका उन्हाळ्यात ताईंच्या वांग्याच्या झाडावर शिंपी पक्ष्याने पानाला टाके घालून घरटं केलं. त्या दिवसापासून आमची वांगी बंद झाली. त्या झाडाला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. अंड्यांतून तीन पिल्लं बाहेर आली तेव्हा साडूंनी थेट मंडळाच्या अध्यक्षांना निरोप धाडला, आणि रविवारी सकाळी अध्यक्ष दोन सहकारी व तीन स्टँड घेऊन हजर झाले. मी मुद्दाम गेलो होतो. फुकटची करमणूक मी सहसा सोडत नाही.

अध्यक्षांनी वाकून पाहिलं. "पिल्लं झाकली गेलीत. हे वरचं पान दोऱ्याने मागे बांधू या, उजेड मिळेल. तुमचा फोटो यंदा प्रदर्शनाच्या दाराशीच लावतो."

साडू कपाळावरचा घाम पुसत कुजबुजले, "ऊन सरळ आत जाईल हो. कावळ्यालाही दिसेल."

"पाचच मिनिटं, काका."

अध्यक्षांनी पानाकडे हात नेला आणि साडू यार्डातल्या आवाजात म्हणाले, "हात मागे घ्या."

वरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. अध्यक्ष चहा न घेता गेले आणि प्रदर्शनाचा विषय कायमचा मिटला. साडू वांग्याच्या झाडाकडे वळले. मग म्हणाले, "आपला तंबूही जरा जवळच होता, नाही का?" आणि त्यांनी तो स्वतःच उतरवला. कॅमेरा कपाटात गेला.

पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा साडू बाजारातून नुकतेच परतत होते. ताई दारातच म्हणाल्या, "गेली पिल्लं. तुम्ही बाजारात असताना."

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. त्यांनी फक्त विचारलं, "कशी गेली?"

"आधी एक पानाच्या काठावर आलं. नुसतंच बसलं. आई समोर जास्वंदीवरून ओरडत होती. मग ते पडल्यासारखं उडालं. दुसरं लगेच त्याच्या मागे."

"आणि तिसरं?"

"ते घाबरट होतं. आत-बाहेर करत होतं. मीच म्हटलं, जा बाबा, काही होत नाही."

साडू पिशवी हातात धरूनच ऐकत होते. बोंबलांचं पाणी ताईंच्या पुसलेल्या फरशीवर ठिबकत होतं. त्यांना ते दिसत होतं, पण त्या पिल्लांचंच सांगत राहिल्या. सांगून झालं तसं साडूंनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."